पिणारा एक, भोगणारं घर

व्यसनाबद्दल बोलताना आपण पिणाऱ्याबद्दलच बोलतो. तो का पितो, किती पितो, सोडेल का, सोडली तर टिकेल का. त्याच्या बायकोला रात्री झोप लागते का, त्याच्या आईचा रक्तदाब शेवटचा कधी तपासला, त्याची पोरगी वर्गात गप्प का बसते, हे प्रश्न मागे राहतात. हे प्रश्न विचारणारी थोडी माणसं मात्र आहेत. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे डोळ्यांसमोर ठेवून त्यांच्या कामाचा हा आढावा घेतला आहे. घरच्यांची मदत पिणाऱ्याच्या सुटकेशी बांधून ठेवू नये, हे या लेखाचं म्हणणं आहे. तो सोडो वा न सोडो, घर सावरता येतं. त्यासाठी काय करायचं, हेही आता बऱ्यापैकी ठाऊक आहे.

दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या ५.७ कोटी लोकांना उपचाराची किंवा मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे कशीबशी एकालाच कुठलीतरी मदत मिळते. दारू पिणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आहे. म्हणजे पितो बहुतेक करून पुरुष, आणि त्याचं निस्तरतात बाया. उरलेल्या ३७ जणांच्या घरी कोण काय करत असेल, याची मोजदाद कुठल्याच सर्वेक्षणात होत नाही.

सीमेवरचे दोन जिल्हे

मराठवाड्याच्या या टोकाला देशी आणि हातभट्टीची दारू आहेच. नांदेडच्या धर्माबाद, बिलोली, देगलूर भागात तिच्या जोडीला शिंदी येते. पलीकडे तेलंगणाचा निजामाबाद जिल्हा. तिकडच्या भेसळीच्या शिंदीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी गुंगीची द्रव्यं मिसळली जातात. २०१५ मध्ये तेलंगणात या भेसळीवर कारवाई झाली आणि शिंदी अचानक तुटल्यामुळे अनेक माणसांना फिट येणं, भ्रमिष्टासारखं वागणं असे त्रास होऊन दवाखाने गाठावे लागले. 'शिंदी म्हणजे झाडाचं पाणी, तिने काय होतंय' असं समजणाऱ्या घरांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

गांजाची वाटही इथूनच जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाने नायगाव तालुक्यात एका ट्रकमधून ११२७ किलो गांजा पकडला. एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने लातूर जिल्ह्यातल्या रोहिणा या चाकूर तालुक्यातल्या गावात मेफेड्रोन, म्हणजे एमडी तयार करण्याचा कारखाना उघडकीस आणला आणि ११ किलोंहून अधिक माल जप्त केला. एमडी ही मुंबई-पुण्याची भानगड, हा समज त्या दिवशी मोडला. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत गावोगावची हजारो मुलं शिकवणीसाठी खोल्या घेऊन राहतात. त्यांचे आईबाप शंभर किलोमीटरवर शेतात असतात. पोरगं बिघडल्याचं त्यांना घरमालकाच्या फोनवरून कळतं, आणि तेव्हा विचारायचं कुणाला, हेच त्यांना ठाऊक नसतं.

ऊसतोडीचा प्रश्न याहून वेगळा आहे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतात ती दोघांच्या नावावर, पण पैसे हातात पडतात नवऱ्याच्या. उचल पिऊन संपली तरी ती फेडायला बायकोला फडात उतरावंच लागतं. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. तेवढे महिने त्या बाईला गावची आशाताई नाही, माहेर नाही, ओळखीची पोलीस चौकी नाही. मदतीची कोणतीही योजना आखताना हे महिने सोडून दिले, तर ती योजना या बाईपर्यंत पोचत नाही.

घरातले तीन मार्ग

जिम ऑरफर्ड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह मेक्सिको, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी समाजांत व्यसनी माणसांच्या घरच्यांचा अभ्यास केला. देश वेगळे, चालीरीती वेगळ्या, पण घरच्यांच्या वागण्याचे मार्ग सगळीकडे तीनच दिसले: सोसणं, झगडणं आणि अंग काढून घेणं. मराठवाड्यातल्या बाईला हे तिन्ही ठाऊक आहेत. एकाच आठवड्यात ती तिन्ही करते. सोमवारी मालकाला फोन करून 'त्यांना ताप आलाय' असं सांगते, बुधवारी बाटली मोरीत ओतते आणि शनिवारी लेकरं घेऊन भावाकडे जाते. यांतला कुठलाच मार्ग मुळात चूक नाही. कुठला कधी धरायचा आणि त्याची काय किंमत मोजावी लागेल, हे तिच्यासोबत बसून बघणारं माणूस तिला हवं असतं. ऑरफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरूनच पाच पायऱ्यांची पद्धत बसवली: ऐकून घेणं, माहिती देणं, वागण्याचे मार्ग तपासणं, आधाराची माणसं शोधणं आणि पुढची गरज ठरवणं.

यांतली माहिती देण्याची पायरी आपल्याकडे जीव वाचवू शकते. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, घामाने अंग भिजतं, भिंतीवर किडे चालताना दिसतात, कुणाला फिट येते. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं. मग लिंबू उतरवणं आणि मांत्रिक. खरं तर ही तातडीने दवाखान्यात नेण्याची अवस्था आहे, यात माणूस दगावू शकतो. जेवणात गुपचूप कालवायच्या औषधाचंही तसंच. डायसल्फिराम पोटात असताना दारू गेली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला न सांगता ते देणं धोक्याचं आहे. 'मी त्याच्या भाजीत घालते' असं जी बाई सांगते, तिला रागवायचं नसतं. तिच्या हाती दुसरं काही नव्हतं म्हणून तिने ते केलेलं असतं.

माळ आणि मतपेटी

या भागात व्यसन सोडवण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे माळ. पंढरीच्या वारीला नेऊन गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू आणि मटण सुटतं, अशी श्रद्धा आहे आणि पुष्कळांचं खरोखर सुटतंही. माळेमागे दिंडी असते, रोजचा हरिपाठ असतो, संध्याकाळ रिकामी राहत नाही. माळ तुटली तर मात्र दोष बायकोवर येतो. तिनेच काहीतरी पाळलं नसेल! माळकऱ्यांच्या मंडळाने त्या घरी जाऊन तिचीही विचारपूस करायची ठरवली, तर या परंपरेचं बळ दुप्पट होईल.

दुसरा मार्ग बायांनी स्वतः उभा केला. गावातलं दारूचं दुकान मतदानाने बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. बचत गटातल्या बाया घरोघर फिरून सह्या गोळा करतात, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना हाताला धरून आणतात. दुकान बंद झाल्यावर चोरून विक्री सुरू होते, हेही खरं. पण या लढ्यात आपल्या घरातलं दुखणं शेजारच्या दहा घरांतही आहे, हे बाईला कळतं. एकटेपणा तुटणं हाच आधाराचा पहिला भाग आहे.

पुण्याची आणि अक्रनची शिकवण

१९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिलं. अनिताताई मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी सुरुवातीपासून घरच्यांना उपचारात घेतलं. पुढे मुक्ता पुणतांबेकर यांनी ही धुरा उचलली. रुग्णांच्या पत्नींसाठी मुक्तांगणने 'सहचरी' हा गट चालवला. मराठवाड्यातल्या अनेक घरांनी मुक्तांगणची पायरी चढली आहे. रुग्ण उपचार संपवून घरी येतो तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. पगार पुन्हा त्याच्या हाती द्यायचा का, उशीर झाला की संशय घ्यायचा का, घसरला तर घराबाहेर काढायचं का, याची उत्तरं 'सहचरी'तल्या बाया एकमेकींना स्वतःच्या अनुभवातून देतात.

याचं मूळ अमेरिकेतल्या अक्रन शहरापर्यंत जातं. तिथे १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए सुरू झालं. नवरे सभेत बसत आणि बायका बाहेर थांबत. थांबता थांबता त्या आपसांत बोलू लागल्या आणि १९५१ मध्ये लोइस विल्सन आणि अॅन बी. यांनी घरच्यांसाठी अल-अॅनॉनची स्थापना केली. भारतात एए १९५७ मध्ये आलं. अल-अॅनॉनच्या सभेत फी नसते, आडनाव विचारलं जात नाही, कुणी सल्ला देत नाही. एकेक जण आपलं सांगतो, बाकीचे ऐकतात. नवऱ्याचं व्यसन मी लावलं नाही आणि ते माझ्या आवाक्यातही नाही, हे बाईला तिथे पहिल्यांदा मोठ्याने म्हणता येतं. 'तुझ्यामुळेच पितो' हे सासूकडून वर्षानुवर्षं ऐकलेल्या बाईला हे वाक्य केवढं मोकळं करत असेल!

घरच्यांवर उपचार, हे सिद्ध झालेलं काम

अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी 'क्राफ्ट' नावाची पद्धत विकसित केली. माणूस शुद्धीत असताना त्याच्याशी गोडीने वागावं, पिऊन आल्यावर वाद घालू नये, त्याच्या पिण्याचे परिणाम स्वतःच्या अंगावर घेऊ नयेत आणि तो थोडा खचलेला असतो त्या घडीला उपचाराचा विषय काढावा, हे घरच्यांना तीत शिकवतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३० कुटुंबीयांवर तीन पद्धती तपासल्या गेल्या. क्राफ्टच्या गटातले ६४ टक्के व्यसनी उपचाराला तयार झाले, घरच्यांनी एकत्र जमून व्यसनी माणसाला समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के आणि अल-अॅनॉनच्या मार्गाने १३ टक्के. अल-अॅनॉनचा उद्देशच मुळी पिणाऱ्याला उपचाराला आणणं नाही. या चाचणीतली सर्वांत मोलाची गोष्ट टक्केवारीच्या पलीकडे आहे. घरच्यांची स्वतःची तब्येत आणि मनःस्थिती तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली. नवरा उपचाराला गेला तरी आणि नाही गेला तरी.

आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेने हे काम आणखी पुढे नेलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूचा त्रास असलेल्या पुरुषांना मानसोपचारतज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी मदत केली, तर उपयोग होतो हे त्यांच्या चाचणीने दाखवलं. २०१७ मध्ये ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे याच संस्थेने व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी पाच पायऱ्यांवर बेतलेली मदत साध्या समुपदेशकांकरवी देऊन पाहिली. जिथे मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके असतात, त्या मराठवाड्यासाठी हा धडा सोन्यासारखा आहे.

पहिल्या भेटीत काय होतं

बाई येते ती एकच मागणं घेऊन: 'ह्यांची दारू सोडवा.' चांगला समुपदेशक वही उघडत नाही, उपदेश करत नाही. आधी पाणी देतो. मग विचारतो, काल रात्री कुठे झोपलात? पैसे कुठे ठेवता? त्यावर ज्वारीच्या डब्यातली पुडी निघते, शेजारणीकडे ठेवलेलं बचत गटाचं पासबुक निघतं. रात्री दार वाजवलं तर कोण उघडेल? एक नाव निघतं, कधीकधी एकही निघत नाही. तेव्हा ते एक दार शोधणं हेच पुढच्या आठवड्याचं काम ठरतं. मारहाण होत असेल तर ११२ आणि १८१ हे क्रमांक तिच्या नावाने नाही, मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिले जातात. लेकरांना काय सांगायचं हेही ठरतं: बाबा आजारी आहेत, यात तुमची काही चूक नाही. नवऱ्याच्या दारूचा विषय तासाच्या शेवटी येतो.

दोन जिल्ह्यांत काय आहे

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. २०१५ पासून शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू झाला. त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे आहेत आणि आशाताई घरोघर जाऊन ताणाखालच्या माणसांची नोंद घेतात. पोलिसांसोबत काम करणारे महिला विशेष साहाय्य कक्ष आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेली ही कल्पना पुढे राज्यभर पसरली. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि १४४१६ वर टेली-मानसचे समुपदेशक बोलतात. दोन्हीकडे घरच्यांनीही फोन करायचा असतो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

कायदाही घरच्यांच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनामुळे होणारे विकार येतात. त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्राची नोंदणी आहे का, हे विचारायचा हक्क घरच्यांना आहे, आणि रुग्णाला साखळीने बांधणं गुन्हा आहे. मारून-मुटकून दारू सोडवणाऱ्या केंद्रांकडे हतबल घरं वळतात, तेव्हा हे ठणकावून सांगायला हवं. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पोराला पोलीस पकडतील या भीतीने गप्प बसलेल्या आईबापांना हे सांगितलं पाहिजे.

एक गाठ मात्र सरकारी कागदानेच मारली आहे. शेतकरी आत्महत्येनंतर मिळणारी एक लाखाची मदत नापिकी आणि कर्जफेडीच्या निकषांवर ठरते. दारूचं कारण पुढे आलं की प्रकरण अपात्र ठरण्याची धास्ती असते. त्यामुळे विधवा दारूचं नाव काढत नाही, भावकी काढू देत नाही. वर्षानुवर्षं सोसलेलं मरणानंतरही बोलता येत नाही. कर्ज आणि दारू एकाच घरात हातात हात घालून येतात, हे मान्य करणारा निकष हवा.

दुसरी वही

मग करायचं काय? आशाताईच्या नोंदीत 'घरात कुणी पितं का' एवढ्यावर न थांबता 'तुम्हाला त्याचा काय त्रास होतो' हा प्रश्न यावा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातली एक दुपार घरच्यांसाठी असावी. त्यासाठी आशाताई आणि राज्य सरकारच्या 'उमेद' अभियानाच्या बचत गटांतल्या बायांना पाच पायऱ्या शिकवता येतील. टोळ्या निघण्याआधी कोयत्याच्या घरांना हेल्पलाइनचे क्रमांक आणि उचलीतला बायकोचा वाटा, दोन्ही हातात मिळावेत. शिकवणी वर्गांनी आईबापांसाठी वर्षातून एकदा तरी याच विषयावर बैठक ठेवावी.

आज व्यसनमुक्तीच्या कामाची एकच वही आहे: किती दाखल झाले, किती टिकले, किती घसरले. तिच्याशेजारी दुसरी वही उघडायला हवी. बाईला झोप लागते का, पैसा तिच्या हाती आहे का, लेकरं शाळेत जातात का, रात्री उघडणारं एक दार तिला मिळालं का. नवरा अजून पीत असला तरी या वहीत चांगल्या नोंदी होऊ शकतात. तशा नोंदी होत असतील, तर नांदेड-लातुरातल्या त्या आशाताई, समुपदेशक आणि सहचरी यशस्वी झाल्या, असंच म्हटलं पाहिजे, आणि त्या कामासाठी त्यांना मानधन आणि मानही मिळाला पाहिजे.