पग हवाय? आधी पाहुणा म्हणून आणा!

मित्रांनो, 'पग' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पुढे एक छोटा मुलगा आणि त्याच्या मागे तुरुतुरु चालणारं चपट्या नाकाचं कुत्रं! हच कंपनीची ती जाहिरात २००३ साली आली. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता, पण आपल्या सरांना-मॅडमना विचारा, त्यांना ती अजून पाठ असेल. मुलगा जाईल तिथे कुत्रा, तुम्ही जाल तिथे नेटवर्क, अशी साधी कल्पना. शूटिंग गोव्यात झालं, कुत्र्याचं नाव चिका. २००७ मध्ये हचचं व्होडाफोन झालं, पण पग मात्र लोकांच्या लेखी 'हचवालं कुत्रं'च राहिला. शहरोशहरी त्याला मागणी आली, भाव चढले, आणि ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नव्हतं त्यांच्याही घरी पग आला.

आणि मग? मग त्यातले काही रस्त्यावर आले. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

चेंबूरला आमच्या घरी गेली दोन वर्षं आम्ही असे सोडून दिलेले पग काही दिवस सांभाळतो आणि मग त्यांना कायमचं घर बघून देतो. आतापर्यंत पाच जण येऊन गेले. इंग्रजीत याला फॉस्टरिंग म्हणतात. मी पडले कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठीत काय म्हणायचं ते आजीला विचारलं. ती म्हणाली, "अगं, माहेरपण म्हण की! चार दिवस राहायचं, खायचं-प्यायचं, अंगावर मूठभर मांस आलं की सासरी जायचं." डिक्शनरीत हा अर्थ सापडणार नाही, पण मला याहून चांगला शब्द मिळालेला नाही.

रस्त्यावर पग येतो कुठून?

आपली गावठी कुत्री रस्त्यावरच जन्मतात. त्यांना गल्ली माहीत, गाड्या माहीत, कुठल्या टपरीवर बिस्किट मिळतं तेही माहीत. पगचं तसं नाही. रस्त्यावर पग दिसला म्हणजे तो एकतर हरवलेला असतो, नाहीतर कोणीतरी आणून सोडलेला.

कारणं विचाराल तर ठरलेली. परदेशी जायचंय, घरात बाळ आलं, घरमालक नको म्हणतो, केस फार गळतात, औषधपाण्याचा खर्च परवडत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट. पिल्लं विकण्याचा धंदा करणारे लोक मादीला पुन्हा पुन्हा वितात, आणि ती थकली की रात्री कुठेतरी गाडीतून उतरवून देतात. अशी मादी ओळखू येते, कारण तिचे सड लोंबलेले असतात.

याला कायदा नाही का? आहे ना! प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. उपाशी-तहानेलं राहील अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये! कँटीनमध्ये दोघांचा नाश्तासुद्धा यात होत नाही. २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीसाठी वेगळे नियम आले. ब्रीडरने नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, वगैरे. पण पिल्लू घेताना "तुमचा नोंदणी नंबर दाखवा" असं विचारणारा गिऱ्हाईक मला तरी अजून भेटायचाय.

नाकाचं इंजिनिअरिंग

आता थोडा आपला विषय. पग मुळात चीनमधला. सोळाव्या शतकात डच व्यापाऱ्यांबरोबर तो युरोपात पोचला. विल्यम होगार्थ या इंग्लिश चित्रकाराने १७४५ साली स्वतःच्या चित्रात आपला पगही काढला आहे. ते चित्र जरूर बघा, त्या कुत्र्याला चांगलं पुढे आलेलं नाक आहे! नंतरच्या पिढ्यांत माणसानेच 'अजून चपटं, अजून क्यूट' करत ते आत ढकललं. कवटीचं हाड आखूड झालं, पण आतला मऊ भाग त्या प्रमाणात कमी झाला नाही. टाळूचा मागचा मऊ पडदा घशात लोंबतो, नाकपुड्या नुसत्या फटीएवढ्या. म्हणजे बॉक्स लहान केला आणि वायरिंग तेवढंच ठेवलं.

फ्लुइड मेकॅनिक्स आठवतंय? हागेन-पॉइझ्वीच्या सूत्राप्रमाणे नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या फक्त २० टक्क्यांनी कमी करा, तेवढ्याच दाबाला प्रवाह ४१ टक्क्यांवर येतो. त्रिज्या निम्मी केली तर सोळावा हिस्सा! खऱ्या नाकातला प्रवाह एवढा सरळ लॅमिनार नसतो हे मान्य (सर, मार्क कापू नका), पण अंदाज येतो. पग घोरतो तेव्हा आपण "किती गोड" म्हणतो. खरं तर तो कोंडलेल्या श्वासाचा आवाज असतो.

शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकतं. जीभ, नाक, घसा यांतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि शरीर थंड होतं. थोडक्यात, डेझर्ट कूलर. आता नागपूर-अकोल्याकडच्या मित्रांनाच विचारा, तोच कूलर मुंबईत का चालत नाही? कारण इथल्या हवेतच एवढं पाणी आहे की आणखी उडायला वाव नाही. पगचं दुखणं दुहेरी. हवा दमट, आणि कूलरचं तोंडच बंद. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ४१ च्या वर गेलं की जिवाशी गाठ. म्हणून मे महिन्यात दुपारी रस्त्यावर सोडलेल्या पगच्या हातात दिवस नसतात, तास असतात.

हे फक्त माझं मत नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इतर कुत्र्यांच्या मानाने पगला वर्षभरात एखादा तरी आजार होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट, आणि चपट्या नाकामुळे होणाऱ्या श्वासाच्या विकाराची तब्बल ५४ पट! यात बाहेर आलेले डोळे आणि चेहऱ्याच्या घड्या यांचे त्रास आणखी वेगळे.

माहेरपण म्हणजे नक्की काय करायचं?

उदाहरणच देते. गेल्या मे महिन्यात अमर महलच्या फ्लायओव्हरखाली एका रिक्षावाल्या काकांना एक पग मादी दिसली. त्यांनी तिला पाणी पाजलं, ओलं फडकं अंगावर टाकलं आणि सरळ डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टरांचा आम्हाला फोन आला. वय दातांवरून सहाच्या आसपास, सड लोंबलेले, एका डोळ्यावर जखम, अंगभर गोचिड्या. दोन दिवस तिने कशालाच तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या तमिळ मामींनी इडली कुस्करून दिली, ती खाल्ली. नाव पडलं इडली.

पहिलं काम, मूळ मालक शोधणं. गळ्यात पट्टा आहे का, कातडीखाली मायक्रोचिप आहे का हे डॉक्टर मशीनने बघतात. आसपासच्या डॉक्टरांना आणि वॉचमनना फोटो दाखवायचा, पोलीस चौकीत सांगून ठेवायचं. कदाचित कोणी रडत शोधत असेल! इडलीला शोधत कोणी आलं नाही.

दुसरं, वेगळं ठेवणं. पहिले दहा ते चौदा दिवस घरातल्या इतर जनावरांपासून लांब. रक्ततपासणी, जंताचं औषध, रेबीज आणि इतर रोगांच्या लसी. गोचिडीचा ताप मुंबईत फार, आणि पावसाळ्यात लेप्टो. खाजगी डॉक्टरांचा खर्च झेपत नसेल तर परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल आहेच, तेच ते जुन्या लोकांचं 'बैलघोडा'! आणि हो, आधी स्वतःची काळजी. अनोळखी कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच इंजेक्शनं सुरू करायची. आमच्या घरी सगळ्यांनी रेबीजची लस आधीच घेतली आहे.

तिसरं, नसबंदी. ही झाल्याशिवाय आम्ही कोणालाही कुत्रं देत नाही. का, ते पुढे सांगते.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, नुसतं बघत राहणं. आपण जर्नल लिहितो तशी आई एक वही लिहिते. इडलीच्या वहीत होतं: लिफ्टला घाबरते. बेल वाजली की टेबलाखाली. लहान मुलांशी छान. एकटी ठेवली तर अर्ध्या तासात धापा. सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतरच फिरवायची. गळ्याला पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस लावायचा. ही माहिती पिंजऱ्यात ठेवून मिळत नाही, दवाखान्यातही नाही. ती घरात राहूनच कळते. फॉस्टर घराचा खरा उपयोग हाच! पुढच्या माणसाला आपण फोटो देत नाही, खरं कुत्रं देतो.

स्थळं बघणं

पग फुकट मिळतोय म्हटल्यावर स्थळांची काय कमी! आठवडाभरात एकवीस फोन. बाबा फोनवर, मी प्रश्नांची यादी घेऊन शेजारी. घरी दिवसभर कोण असतं? घर स्वतःचं की भाड्याचं? आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं? गावाला जाताना कुठे ठेवाल?

एक गृहस्थ फार गोड बोलत होते. "ऑपरेशन झालंय का हो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. झालंय म्हटल्यावर फोन बंद. समजलं ना? त्यांना कुत्रं नको होतं, पिल्लांचं मशीन हवं होतं. नसबंदीचा हट्ट धरायचा तो यासाठी. दुसरं एक कुटुंब खरंच चांगलं होतं, पण दोघंही सकाळी नऊला बाहेर, रात्री नऊला घरी. त्यांना आम्ही नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. पण वहीत लिहिलं होतं, अर्ध्या तासात धापा.

शेवटी घाटकोपरचे एक निवृत्त शिक्षक पती-पत्नी. तळमजल्यावर घर, म्हणजे लिफ्टचा प्रश्नच नाही! आम्ही आधी घर बघून आलो, मग ते दोनदा इडलीला भेटायला आले. फॉर्मवर सह्या झाल्या, पंधरा दिवस ट्रायल. न जमल्यास इडली आमच्याकडेच परत येणार, दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, अशी अट. पालिकेचं कुत्र्याचं लायसन्स त्यांनी स्वतः काढलं. आम्ही महिन्याने आणि मग तीन महिन्यांनी चक्कर मारली. चाळीस दिवसांचं माहेरपण संपलं.

"सोडवत कसं गं?" असं सगळे विचारतात. नाहीच सोडवत. आईने त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. पण बाबांचा नियम आहे, हिला ठेवून घेतलं तर पुढच्या फोनला आपल्याला 'जागा नाही' म्हणावं लागेल. पुढचा फोन नवव्या दिवशी आला.

हॉस्टेलवाल्यांनी काय करावं?

आता मुद्द्याचं. थर्ड इयरला चार जण मिळून फ्लॅट घेतात. पार्टनरशिपमध्ये फ्रिज येतो, मग कोणाच्या तरी बर्थडेला पिल्लू येतं. पग, नाहीतर हल्ली हस्की! पिल्लू दोन महिन्यांचं, तुमची डिग्री संपायला दोन वर्षं, आणि पग जगतो बारा-तेरा वर्षं. हिशोब जुळतो का? प्लेसमेंट एकाची बंगलोरला, दुसऱ्याची पुण्याला, तिसरा एमएस करायला चालला. फ्रिज ओएलएक्सवर जातो. पिल्लू कुठे जातं? अमर महलच्या फ्लायओव्हरखाली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, विकत घेऊ नका, आधी पाहुणा आणा. हॉस्टेलमध्ये कुत्रं ठेवता येत नाही आणि ठेवूही नये, रेक्टर सरांचं बरोबरच आहे. पण ज्यांचं घर मुंबईत आहे त्यांनी सुट्टीत तीन आठवडे एखाद्या कुत्र्याला घरी ठेवून बघावं, अर्थात आई-बाबांना विचारून. सोसायटीवाले कटकट करतील. त्यांना सांगा, पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. मात्र जिन्यातली घाण आपणच उचलायची, हेही तितकंच खरं! स्टाफपैकी ज्यांची घरं मोठी आहेत, त्यांनाही हेच सांगणं.

ज्यांना ठेवणं शक्य नाही त्यांनी इतर कामं घ्यावीत. चांगला फोटो काढणं, दवाखान्यात ने-आण करणं, आलेल्या फोनची छाननी करणं, घर बघायला सोबत जाणं. मुंबईत 'वर्ल्ड फॉर ऑल' ही संस्था 'अडॉप्टेथॉन' भरवते, तिथे जाऊन बघा. आणि रस्त्यावर असं कुत्रं दिसलं तर फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी त्याला सावलीत न्या, साधं पाणी द्या, अंग ओलं करा आणि जवळचा डॉक्टर गाठा. बर्फाचं पाणी नको.

तीन आठवडे पगबरोबर राहिल्यावर दोनच गोष्टी होतील. एकतर कळेल की हे आपल्याला झेपणारं नाही, म्हणजे एक पिल्लू रस्त्यावर येण्यापासून वाचलं. नाहीतर कळेल की झेपतंय, म्हणजे पुढच्या इडलीला एक माहेर मिळालं. दोन्हीकडे फायदाच आहे. बघा, विचार करा!