आधी पतंग, मग पाय!

दोस्तांनो, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याची संक्रांत ठाऊक आहे ना? भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर! हातात आसारी, कानांवर हलकडीचा ठेका. तिथल्या कुणाही मुलाला विचारा. तो सांगेल, पतंग डोक्यावर स्थिर असला की ओढ कमी. तोच आडवा धावू लागला की हाताला हिसका!

आता कल्पना करा, पतंग नऊ-दहा चौरस मीटरचा, त्याच्या दोऱ्या वीसेक मीटर लांब आणि त्या तुमच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या. पायांखाली फळी, फळीखाली समुद्र! हेच काइटसर्फिंग. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेनू या फ्रेंच भावांनी १९८४ साली हवा भरलेल्या पतंगाचं पेटंट घेतलं. तो पाण्यात पडला तरी पुन्हा उडवता येतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पतंगाच्या शर्यती प्रथमच झाल्या, त्या मार्सेलच्या समुद्रात.

या खेळात जाणं जमतं, पण परतायचं कसं? दोन्ही टोकं सारखी असलेली फळी उलट दिशेने तशीच निघते. सर्फबोर्डला मात्र पुढे नाक आणि मागे शेपटी असते. म्हणून तो वळवावा लागतो आणि पायही बदलावे लागतात. वाऱ्याकडे पाठ करून घेतलेल्या या वळणाला 'जाइब' म्हणतात.

क्रम नीट लक्षात ठेवा. आधी वेग थोडा कमी करा. मग पतंग हळूहळू वर आणून डोक्यावरून पलीकडच्या बाजूला न्या. त्याच्या मागोमाग फळी गोलाकार वळवा. नव्या दिशेची ओढ लागली की झटकन पाय बदला. मागचा पुढे, पुढचा मागे.

पतंग उशिरा फिरवला तर तुम्ही त्याच्याच दिशेने धावता, दोऱ्या सैल पडतात आणि वेग मरतो. फार घाईने फिरवला तर तो तुम्हाला फळीवरून उचलून नेतो. डोळे पायांवर असले, तर तोल गेलाच म्हणून समजा! नजर जिकडे जायचं तिकडे हवी.

पाय बदलण्याचा सराव मात्र घरीही होतो. अंगणात खडूने फळीचा आकार काढा. गुडघे वाकवा, समोर बघा आणि रेषेबाहेर न जाता पाय बदला. शंभरदा केलंत की पाय आपोआप हलू लागतील.

पण गंगापूर धरणावर मोठा पतंग घेऊन स्वतःच प्रयोग करू नका हं! वारा मोठ्या माणसालाही फरफटत नेतो. पोहता येणं, अंगात तरंगणारं जाकीट, डोक्यावर हेल्मेट आणि शेजारी जाणता प्रशिक्षक, एवढं हवंच. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर हा खेळ चालतो.

तोवर येत्या संक्रांतीला पतंग डोक्यावरून एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश नेऊन बघा. ओढ कुठे वाढते, कुठे कमी होते? हे हाताला कळलं, की निम्मा जाइब तुम्ही गच्चीवरच शिकलात!