बिंदू आत की बाहेर?

यंत्राचा एखादा भाग बनवायचा असेल, तर अभियंता प्रथम त्याची वरून, समोरून व बाजूने दिसणारी चित्रे काढतो. ती वाचताना धातू कोठे आणि पोकळी कोठे, हे कारागीर अनुभवाने ओळखतो. संगणकाजवळ हा अनुभव नसतो. त्याच्या स्मृतीत नुसत्या रेषा साठवल्या तर काय अडचण येते, हे समजण्यासाठी वर्गात एक प्रतिकृती करता येईल.

काड्या आणि शाडूच्या गोळ्या घेऊन २० सें.मी. कडेचा घन बनवा. त्याच्या बरोबर मध्यभागी, कडा समांतर राहतील असा, १० सें.मी. कडेचा छोटा घन ठेवा. मोठ्या घनाचा प्रत्येक कोपरा छोट्या घनाच्या त्याच बाजूच्या कोपऱ्याला सुमारे ८.७ सें.मी. लांबीच्या काडीने जोडा. आता १६ शिरोबिंदू आणि ३२ कडा झाल्या.

समजा, हे आरपार भोक असलेल्या लोखंडी ठोकळ्याचे चित्र आहे. भोक दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद आहे. पण ते वरून खाली जाते, डावीकडून उजवीकडे, की पुढून मागे? तिन्ही ठोकळ्यांच्या कडा अगदी ह्याच आहेत! वरच्या चौरसाच्या मध्यापासून १ सें.मी. खालचा बिंदू पहिल्या ठोकळ्यात हवेत आहे, उरलेल्या दोहोंत लोखंडात. तेथे कापण्याचे हत्यार मोकळे फिरेल की धातूवर आदळेल, हे रेषा सांगू शकत नाहीत.

म्हणजे घनाकृतीचे वर्णन पुरे केव्हा म्हणायचे? कोणताही बिंदू घेतला तरी तो आत, बाहेर की पृष्ठावर, हे त्यावरून ठरले पाहिजे. १९७० च्या दशकात याची दोन उत्तरे पुढे आली.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात व्होल्कर आणि रेकिशा यांनी संचांचा आधार घेतला. घन, दंडगोल यांसारख्या साध्या आकृत्यांचे संयोग, छेद व वजाबाकी करून हवा तो आकार मिळवायचा. आपला ठोकळा म्हणजे मोठा घन, वजा छोटा घन, वजा माथा छाटलेले दोन पिरॅमिड. बिंदू मोठ्या घनात असेल आणि वजा केलेल्या तिन्ही आकृत्यांच्या बाहेर असेल, तरच तो लोखंडात.

इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे इयन ब्रेड यांनी आकृतीची सीमाच नोंदवली. कोणती पृष्ठे, त्यांच्या कडा कोणत्या, कोणते पृष्ठ कोणाला लागून आहे, अशी ही यादी असते. बिंदूपासून एक किरण काढा. त्याने पृष्ठे विषम वेळा ओलांडली तर बिंदू आत, सम वेळा ओलांडली तर बाहेर.

ही यादी बिनचूक आहे का, हे तपासायला शाळेतले गणित उपयोगी पडते. प्रत्येक कड बरोबर दोन पृष्ठांची असली पाहिजे. शिवाय ऑयलरच्या सूत्राप्रमाणे शिरोबिंदू − कडा + पृष्ठे ही संख्या साध्या घनासाठी ८ − १२ + ६ = २ येते. आपल्या ठोकळ्याला बाहेरची ४, आतली ४ आणि वरची-खालची तिरकी ८, अशी १६ पृष्ठे आहेत. म्हणून १६ − ३२ + १६ = ० ! एका आरपार भोकाने बेरीज २ ने घटवली. मात्र बेरीज जुळली म्हणजे सर्व ठीक, असे नव्हे. पृष्ठे एकमेकांत घुसलेली असू शकतात. ते वेगळे तपासावे लागते.

आज त्रिमितीय मुद्रणासाठी आकृतीची सीमा बहुधा त्रिकोणांनी लिहितात. एक त्रिकोण गळला, तरी त्या खिंडारातून जाणारा किरण आत-बाहेरचे उत्तर चुकवतो.

वर्गात तीन गट करून तीन सांगाड्यांवर वेगवेगळ्या दिशांच्या भोकांसाठी कागद चिकटवून पाहा. बेरीज तिघांचीही शून्यच येईल. भोकाची दिशा मात्र काड्या सांगणार नाहीत, कागद सांगतील.