सान जिमिन्यानो : मनोऱ्यांच्या नगराचा इतिहास व स्वरूप

इटलीच्या टस्कनी प्रांतातील सान जिमिन्यानो हे टेकडीवरील छोटे नगर रोमकडे जाणाऱ्या फ्रांचिजेना या यात्रामार्गामुळे मध्ययुगात भरभराटीस आले. इ. स. ११९९ मध्ये त्यास स्वायत्तता लाभली. केशराचा व्यापार व सावकारी यांतून धनाढ्य झालेल्या घराण्यांनी परस्परांतील स्पर्धेपोटी ७२ मनोरे उभारल्याचे मानले जाते. तथापि १३४८ च्या प्लेगने लोकसंख्या घटली आणि १३५३ मध्ये नगर फ्लॉरेन्सच्या आधिपत्याखाली गेले. जुने पाडून नवे बांधण्याची ऐपत उरली नाही. परिणामी १४ मनोरे आजही उभे आहेत. १९९० मध्ये युनेस्कोने या नगराच्या ऐतिहासिक भागास जागतिक वारशाचा दर्जा दिला. वैभवाने उभारलेले अवनतीने राखले, हा विरोधाभास वारसा-जतनाच्या अभ्यासकांनी ध्यानी घ्यावयास हवा.