प्रतिकृतीची बैठक

एखाद्या जहाजाची, देवालयाची अथवा आगगाडीच्या एंजिनाची लहानशी प्रतिकृति आपण पाहतों, तेव्हां तिच्या शिडांवर, कळसावर अथवा चाकांवर आपली दृष्टि खिळते. ती ज्या लांकडी बैठकीवर उभी असते, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पाहणाऱ्यानें बैठकीकडे दुर्लक्ष केलें तर तें बैठकीचें यशच म्हणावें. परंतु करणाऱ्यानें तिच्याकडे दुर्लक्ष केलें तर त्याचें फळ त्यासच भोगावें लागतें. आम्हां चार विद्यार्थ्यांस तें भोगावें लागलें. त्यावरून जें शिकलों, तें येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

आम्हीं 'ट्रिंकोमली' या लढाऊ जहाजाची प्रतिकृति करावयास घेतली होती. हें जहाज मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं मलबारी सागवानाचें बांधलें गेलें व १८१७ सालीं पाण्यांत लोटलें गेलें. इंग्लंडांत हार्टलपूल येथें तें आजहि तरंगत आहे. तोफांच्या मजल्यावर त्याची लांबी सुमारें १५० फूट व रुंदी सुमारें ४० फूट भरते. एका फुटास एक अष्टमांश इंच हें प्रमाण धरल्यानें आमचें जहाज पावणेएकोणीस इंच लांब व पांच इंच रुंद झालें. फळ्यांचे थर एकावर एक चिकटवून व कोरून तें पुरें करण्यास सहा महिने लागले. बैठकीची आठवण झाली तेव्हां प्रदर्शनास आठच दिवस उरले होते. वखारींतून आंब्याची एक फळी आणली, तिच्या वरच्या अंगास काळा रंग दिला, आणि दोन खुंट्यांवर जहाज सरसानें पक्कें चिकटविलें. प्रदर्शनांत वाहवा झाली. पुढें एप्रिल महिन्यांत कपाट उघडून पाहतों, तों फळीला पीळ पडलेला आणि जहाजाच्या दोन थरांमधील सांधा चांगला बोटभर उकललेला!

शेजारच्या सुतारमामांस बोलावून आम्हीं तें दाखविलें. त्यांनीं फळी उलटीसुलटी करून पाहिली व एवढेंच म्हटलें, "पोरांनो, जहाज वाळलेलं आणि फळी ओली. ओलं लांकूड जागचं हलायचंच. तुम्ही त्याला जखडून टाकलंत, मग ते कुणाला तरी फोडणारच."

बैठकीचें सारें शास्त्र या बोलण्यांत आलें. लांकूड तोडल्यावरहि स्वस्थ बसत नाहीं. दमट हवेंतील ओलावा शोषून तें फुगतें व कोरड्या हवेंत तो टाकून आकसतें. हें आकसणें सर्व बाजूंनीं सारखें नसतें. शिरांच्या दिशेनें, म्हणजे लांबींत, तें नाममात्र असतें. आडवें मात्र बरेंच असतें. त्यांतहि ओंडक्याच्या मध्यापासून सालीकडे तें जितकें होतें, त्याच्या सुमारें दुप्पट तें वाढीच्या वर्तुळांस अनुसरून होतें. या विषमतेमुळेंच फळीस बांक येतो, आणि शिरा वांकड्या असल्यास पीळ पडतो. म्हणून फळी घेतांना तिचें टोंक अवश्य पाहावें. वर्तुळांच्या रेषा तेथें उभ्या दिसत असतील तर ती पसंत करावी. त्या कमानीसारख्या पसरलेल्या असतील तर ती पुढें बांकण्याचा संभव अधिक.

बैठकीस सागवान उत्तम. तें थोडें आकसतें, रंध्याखालीं चांगलें उतरतें व त्यास वाळवी सहसा लागत नाहीं. शिसव दिसण्यांत भारदस्त, परंतु कठीण असल्यामुळें नवख्या हातास दाद देत नाहीं. नवी फळी विकत घेण्यापेक्षां घरांतील अडगळ आधीं शोधावी. मोडक्या मेजाची फळी, जुन्या दाराचा तुकडा, पलंगाची पाटी, यांनीं अनेक पावसाळे पाहिलेले असतात. त्यांची हालचाल बहुतेक संपलेली असते. रंधा लावण्यापूर्वीं मात्र त्यांतील खिळे काढून टाकावे. फळी नवीच असेल तर ती पट्ट्यांवर ठेवून सावलींत, वारा खेळेल अशा जागीं सुकवावी. इंचभर जाडीस एक वर्ष हा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. ती सुकली कीं नाहीं हें तराजू सांगतो: दर आठवड्यास वजन करावें, आणि तें घटेनासें झालें म्हणजे फळी कामास योग्य झाली असें समजावें.

आतां घडणीविषयीं. प्रतिकृति उघडी ठेवावयाची असेल तर बैठक जहाजाच्या सांगाड्याइतकी लांब पुरे. कांचपेटी घालावयाची असेल तर पुढची डोलकाठी व आडव्या काठ्या यांच्याहि बाहेर चहूंकडे दीड इंच जागा सोडावी. आमच्याएवढ्या जहाजास पाऊण इंच जाडी शोभते. कडा किंचित गोल कराव्या. फार नक्षी करूं नये, कारण ती जहाजाशीं स्पर्धा करूं लागते. कांचकागद नेहमीं शिरांच्या दिशेनें घासावा, नाहींतर पॉलिश चढल्यावर ओरखडे उठून दिसतात. मग स्पिरिटांत विरघळविलेल्या चपड्याचे पातळ हात द्यावे, आणि ते वरच्याप्रमाणें खालच्या अंगासहि द्यावे. एकच अंग रंगविल्यास दुसऱ्या अंगानें ओलावा ये-जा करतो व फळी वांकते. आमची चूक नेमकी हीच होती.

जहाज सरसानें चिकटवूं नये. पितळेचे दोन पोकळ खांब घेऊन खालून स्क्रूनें तें आवळावें, म्हणजे केव्हांहि सोडवितां येतें. खांबांची जागा सांगाडा कोरा असतांनाच ठरवून ठेवावी. फळी सरळ राहावी म्हणून खालीं आडवी पट्टी मारल्यास मधला स्क्रू घट्ट करावा व टोंकांच्या स्क्रूंसाठीं पट्टींत लांबट भोंकें ठेवावीं, म्हणजे फळीस आकसण्यास वाव मिळतो.

तोफा व नांगर शिशाचे असल्यास आणखी एक सावधगिरी हवी. लांकडांतून, विशेषतः ओकच्या लांकडांतून, शिर्क्याच्या जातीच्या आम्लाची सूक्ष्म वाफ निघत असते. बंद कांचपेटींत ती कोंडली म्हणजे शिशावर पांढरी भुकटी चढते व तो भाग हळूहळू झिजून जातो. संग्रहालयांतील जुन्या जहाजांच्या प्रतिकृतींतहि हा दोष आढळला आहे. यास्तव पेटीस हवेसाठीं बारीक छिद्रें ठेवावीं, आणि शक्य तर शिशाऐवजीं पितळ वापरावें.

आमच्या जहाजाची दुसरी बैठक शाळेच्या अडगळींतील एका मोडक्या बाकाच्या सागवानी फळीची आहे. तीवर दोन पावसाळे व दोन उन्हाळे गेले. गुण्या लावून पाहिला तर ती अजून सरळ आहे. सांध्याची पुसट रेषा जहाजाच्या अंगावर दिसते. ती आम्हीं रंगानें मुद्दाम झांकलेली नाहीं.