तात्पुरता कामगार कोणता निवडावा?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघोली हें गांव आहे. 2021 च्या जून महिन्यांत तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. परंतु त्याच्या कितीतरी आधीं दगडाच्या खाणी, घरबांधणी आणि मालाचीं गोदामें यांनीं त्याचें रूप पालटून टाकलें होतें. या तिन्ही धंद्यांना माणसें लागतात, पण बारा महिने सारखीं लागत नाहींत. दसरा-दिवाळीच्या आधीं गोदामांत मालाची रीघ लागते; पावसाळ्यांत खाणीचें काम मंदावतें; इमारतीचा स्लॅब टाकावयाचा त्या दिवशीं एकदम जास्त हात हवे असतात. अशा वेळीं मालक सहज म्हणतो, "तात्पुरतीं माणसें घ्या." परंतु तात्पुरता कामगार एकाच प्रकारचा नसतो, आणि चुकीचा प्रकार निवडला म्हणजे मालक व मजूर या दोघांचेंहि नुकसान होतें.

निवड करण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा : तात्पुरतें काय आहे? काम तात्पुरतें आहे, कीं कायमच्या कामावरील माणूस कांहीं दिवस गैरहजर आहे, कीं कामहि कायमचें आणि माणूसहि रोजचाच, फक्त मालकाची जबाबदारी तेवढी तात्पुरती ठेवावयाची आहे? पहिल्या दोन प्रसंगीं तात्पुरता माणूस घेणें योग्य ठरतें. तिसऱ्या प्रसंगीं तें केवळ नांव असतें.

काम एका-दोन दिवसांचें असेल, तर रोजंदार पुरेसा होतो. पण त्याला काम थोडक्यांत समजावून देतां आलें पाहिजे. धोक्याचें यंत्र किंवा उंच परांची नवख्या माणसाच्या हवालीं करणें हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

गाडींतून माल उतरविणें-चढविणें हें काम असेल, तर महाराष्ट्रांत त्यासाठीं स्वतंत्र व्यवस्था आहे. 1969 च्या माथाडी कायद्यानें नोंदलेला मालक आणि नोंदलेला हमाल यांच्यामध्यें मंडळ उभें केलें. मालक मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ हमालाला मजुरी देतें, आणि भविष्यनिर्वाह निधि व इतर सवलतींची सोय पाहतें. हमाल आज या गोदामांत तर उद्यां त्या गोदामांत काम करील, तरी त्याच्या कष्टाचा हिशेब एका ठिकाणीं राहतो. अनेक मालकांकडे थोडें थोडें काम करणाऱ्या माणसाचें आयुष्य निराधार असलेंच पाहिजे असें नाहीं, हा या व्यवस्थेचा मुख्य धडा आहे.

काम कांहीं महिन्यांचें आणि शिकवून घेण्यासारखें असेल, तर मुदतीचा कामगार घ्यावा. त्याचा करार थेट मालकाशीं असतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशांत नव्या श्रमसंहिता अंमलांत आल्या आहेत. त्यांप्रमाणें त्याच कामावरील कायम कामगाराला मिळणारें वेतन, कामाचे तास व भत्ते मुदतीच्या कामगारालाहि मिळावयाचे असतात, आणि एक वर्ष भरल्यावर त्याला ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. सणापूर्वींच्या हंगामांत मालाची नोंद ठेवणारे कारकून याच प्रकारांत बसतात. हा माणूस रोजंदारापेक्षां महाग वाटतो. पण तीन महिने रोज नवा माणूस शिकविण्यांत जो वेळ आणि माल वायां जातो, त्याचा हिशेब मालक सहसा मांडीत नाहींत.

काम आपल्या धंद्याबाहेरचें असेल, उदाहरणार्थ रखवाली किंवा साफसफाई, तर ठेकेदारामार्फत माणसें घेण्याची पद्धत आहे. पण ठेकेदार मध्यें आला म्हणजे मालक मोकळा झाला, ही समजूत खोटी आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यांतहि ठेकेदारानें मजुरी बुडविल्यास ती देण्याचा भार मूळ मालकावर होता, आणि नव्या संहितेंतहि तो आहे. धंद्याच्या गाभ्याचें काम कंत्राटी कामगारांकडून करून घेण्यास ही संहिता, कांहीं अपवाद सोडून, मनाई करते. शिकाऊ उमेदवाराची गोष्ट आणखी निराळी. 1961 च्या कायद्यानें तो शिकावयास आलेला असतो. त्याला स्वस्त मजूर समजणें म्हणजे त्याचें शिक्षण चोरणें होय.

कायमचा माणूस रजेवर असेल, तर त्याच्या जागीं बदली घेतला जातो. मुंबईच्या गिरण्यांत ही पद्धत फार जुनी. 1935 मध्यें गिरणीमालकांच्या संघानें बदली कामगारांना कार्डें देण्याची योजना काढली, ती जॉबरची मनमानी आवरण्यासाठीं. कार्डवाल्यानें रोज सकाळीं गिरणीच्या दारांत हजर राहावें, काम असेल तर आंत जावें, नसेल तर परतावें. योजना शिस्तीची होती. तरीहि पुष्कळ माणसें वर्षानुवर्षें बदलीच राहिलीं, आणि 1982 च्या मोठ्या संपांत त्यांना कायम करावें ही एक मागणी होती. गैरहजर माणसाची जागा भरण्यासाठीं काढलेली सोय रोजच्या कामाची रीत झाली, कीं तिचा शेवट असा होतो.

ही निवड केवळ हिशेबाच्या वहींतील बाब नाहीं. 23 डिसेंबर 2024 रोजीं मध्यरात्रीनंतर वाघोलींत केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोंपलेल्या माणसांवर एक डंपर चढला. तिघे मृत्यु पावले. त्यांत दोन लहान मुलें होतीं. तीं कुटुंबें अमरावतीकडून मजुरीच्या शोधांत आलेलीं होतीं. गाडी चालविणाऱ्याचा दोष हा न्यायालयाचा विषय. पण कामासाठीं दूरवरून आलेल्या माणसानें रात्रीं कोठें निजावें, हा प्रश्न त्या रात्रीं कोणाच्याच वाट्याला आलेला नव्हता. दिवसापुरतें बोलावणें ज्या व्यवस्थेंत चालतें, तींत रात्र कोणाचीच नसते.

म्हणून दर ठरविण्याआधीं मालकानें चार गोष्टींचीं उत्तरें लिहून ठेवावींत. काम किती दिवसांचें? शिकण्यास किती वेळ लागेल? मजुरी थेट कोण देईल, आणि ती बुडाली तर कोण भरील? बाहेरगांवचा माणूस राहील कोठें, आणि जखमी झाला तर त्याला दवाखान्यांत कोण नेईल? हीं उत्तरें मिळालीं कीं कोणता कामगार घ्यावा हें बहुधा आपोआप ठरतें. घराची डागडुजी काढणाऱ्या गृहस्थानेंहि ठेकेदाराला हेच प्रश्न विचारावेत. आणि तेंच काम, तोच माणूस, वर्षामागून वर्ष चालू असल्याचें दिसून आलें, तर तात्पुरत्या माणसाचा शोध थांबवून त्याला कायम करावें; गरज कायमची आहे हें तेव्हां सिद्धच झालेलें असतें.