सुप्याचा बाजार, इंदापूरचा धारा आणि वाचकाचे कपाट

मराठी सार्वजनिक ग्रंथालयांत कादंबरी एका कपाटात, इतिहास दुसऱ्यात आणि अर्थशास्त्र, शेती, अहवाल, गॅझेटियर असे सारे संकीर्ण म्हणून तिसऱ्यात ठेवण्याची पद्धत असल्यामुळे वाचकाचीही हळूहळू तशीच विभागणी होते. कादंबरीचा वाचक अहवालाकडे वळत नाही आणि इतिहासाचा वाचक समकालीन कादंबरीला पुरावा मानत नाही. या विभागणीत काय निसटते, हे एखाद्या मर्यादित भूप्रदेशावर डोळा ठेवून वाचले की स्पष्ट दिसते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे तालुके अशा वाचनासाठी विलक्षण समृद्ध आहेत, कारण अर्थशास्त्रातील एका गाजलेल्या सिद्धांताची परीक्षा, शेतकऱ्यांचा एक मोठा उठाव, कालव्याने घडवलेले स्थित्यंतर आणि मराठी पंडिती काव्याचा एक उत्कर्षबिंदू या चारही गोष्टी कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यात घडल्या, आणि त्यांपैकी एकही गोष्ट एकाच प्रकारच्या पुस्तकातून पुरती कळत नाही.

मोरोपंतांचेच उदाहरण घ्यावे. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेल्या या कवीने आयुष्याचा मोठा भाग बारामतीत घालवला आणि १७९४ मध्ये तेथेच देह ठेवला. वाङ्मयेतिहास त्यांना आर्याभारताचा आणि केकावलीचा कर्ता म्हणून ओळखतो आणि त्यांचे आश्रयदाते बाबूजी नाईक यांचा उल्लेख रसिक धनिक म्हणून करून पुढे जातो. पेशवाईचा राजकीय इतिहास उघडला की हेच बाबूजी नाईक बडे सावकार म्हणून, पेशव्यांचे सोयरे म्हणून आणि १७४० मध्ये थोरले बाजीराव वारल्यानंतर पेशवेपदावर हक्क सांगणारे प्रतिस्पर्धी म्हणून भेटतात. पुराणिक म्हणून मोरोपंतांना मिळणाऱ्या वृत्तीमागे सावकारीची पेढी होती, ही गोष्ट काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत क्वचितच ठळकपणे येते. तिने आर्यांची गोडी कमी होत नाही. पण ज्या मुलखात सावकारीच्या पैशावर असे काव्य उभे राहिले, त्याच मुलखात पुढे शंभर वर्षांच्या आत सावकाराच्या चोपड्यांना आग लागली, हे लक्षात ठेवून वाचणाऱ्याला अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांमधला दुवा सापडतो.

हा दुवा समजून घेण्यासाठी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथाकडे जावे लागते. डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये मांडलेल्या खंडाच्या सिद्धांतानुसार मशागतीचा सर्व खर्च वजा जाता जमिनीतून जे निव्वळ उरते तो खंड, आणि त्यावर कर बसवल्याने शेती खचत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी ज्या हेलीबरी महाविद्यालयात शिकत तेथे माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे, आणि तेथून तयार होऊन आलेल्या रॉबर्ट प्रिंगल याने १८२८ च्या सुमारास पुणे जिल्ह्याची जमाबंदी, म्हणजे शेतसाऱ्याची आकारणी, याच सिद्धांतावर करण्याचा घाट घातला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याच्या निम्म्याहून अधिक हिस्सा सरकारने घ्यायचा, अशी ही योजना होती. हिशेब कागदावर काटेकोर होता, परंतु पावसाची खात्री नसलेल्या इंदापुरात निव्वळ उत्पन्न हा आकडाच दरवर्षी बदलत होता. त्यात मोजणीतील गैरव्यवहार आणि धान्याचे पडलेले भाव यांची भर पडली, बाकी थकत गेली आणि लोकांनी जमिनी टाकल्या. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातच नवी पाहणी सुरू केली. तिने सिद्धांत बाजूला ठेवून मातीचा पोत व खोली पाहून जमिनीची प्रत ठरवली, आकार उतरवला आणि तो ३० वर्षांसाठी कायम केला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीला नियमांचे रूप दिले आणि ती मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. रयतवारी, म्हणजे मधला जमीनदार न ठेवता प्रत्येक शेतकऱ्याशी सरकारने थेट करार करण्याची पद्धत, महाराष्ट्रात ज्या रूपात रुजली ते रूप इंदापूरच्या शिवारात घडले आहे. अर्थशास्त्राचा अभिजात ग्रंथ एखाद्या तालुक्याच्या पडीक जमिनीवरून तपासून पाहता येतो, अशी उदाहरणे जगाच्या वाचनव्यवहारात फार नाहीत, आणि बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांतून अर्थशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला रिकार्डो परीक्षेपुरता न शिकवता या वाटेने शिकवला जावा.

तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ मध्ये फेरआकारणीलाही इंदापुरातच प्रारंभ झाला. मधल्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून कापसाचे भाव चढले होते, सावकार सढळ हाताने उचल देत होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, उचल आटली आणि नेमक्या त्याच सुमारास वाढीव धारा, म्हणजे शेतसारा, अंगावर आला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा ३ वर्षांपुरताच ग्राह्य धरला होता. व्याज साचू नये हा त्याचा हेतू असला तरी व्यवहारात दर ३ वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याचा अंगठा त्यावर उमटू लागला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे येथे सावकारांवर बहिष्कार पडला, आणि १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने गाठून वह्या आणि कर्जरोखे मागितले व जाळले. उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरला. लुटीपेक्षा कागद हे मुख्य लक्ष्य होते, ही या घटनेतील सर्वांत बोलकी गोष्ट होय.

चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. तो कादंबरीच्या वाचकाने अवश्य वाचावा असा ग्रंथ आहे, कारण रयत, सावकार आणि साक्षीदार यांच्या जबान्यांत माणसे बोलताना ऐकू येतात. पण तो वाचताना प्रश्न कोणी विचारला आणि कशासाठी, याचे भान सुटता कामा नये. सरकारी धाऱ्याची पातळी उठावाला कारणीभूत झाली काय, हे तपासणे आयोगाच्या कामात होते, आणि अहवालाचा एकंदर कल दोष सावकारावर ठेवून सरकारी मागणीला मोकळे करण्याकडे आहे. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला; त्याने न्यायालयांना रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, परंतु धाऱ्याच्या प्रश्नाला हात लावला नाही. पुढच्या इतिहासकारांचेही एकमत नाही. रविंदर कुमार यांनी १९६८ च्या ग्रंथात हा उठाव रयतवारीने खेड्यातील जुने संबंध विस्कटल्याचा परिणाम म्हणून मांडला, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये त्याचे महत्त्व इतिहासकारांनीच फुगवले असल्याचा युक्तिवाद केला. सुमित गुहा यांचा १९८५ चा ग्रंथ १८१८ ते १९४१ या काळातील दख्खनच्या शेतीचा पट उलगडून या वादाला अधिक रुंद जमीन देतो. एकच इतिहासग्रंथ वाचून थांबणाऱ्याला या मतभेदाचा पत्ताच लागत नाही.

त्या काळातील मराठी कादंबरीने मात्र या आगीकडे जवळजवळ पाहिले नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी १८७१ मध्ये, म्हणजे सुप्याच्या आधी ४ वर्षे, प्रसिद्ध होऊ लागली आणि तिची नजर शिवकालाकडे होती. हरिभाऊ आपट्यांनी पुढे पुण्यातील मध्यमवर्गीय घराचे, विशेषतः त्यातील स्त्रीचे, जे चित्र काढले ते थोर असले तरी शेतकऱ्याच्या रोख्यापर्यंत पोचत नाही. ती जागा सत्यशोधकांनी भरली. महात्मा फुले यांचा १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' हा निबंधग्रंथ कर्ज, धारा, कोर्टकचेरी, अंमलदारांची जात, धुपणारी माती आणि पाणी अडवण्याचे उपाय हे सारे एका दमात मांडतो, आणि आयोगाने जे दोन दोष वेगळे केले होते, म्हणजे सावकाराचा आणि सरकारचा, ते पुन्हा एकत्र आणतो. कृष्णराव भालेकरांची १८८८ ची 'बळीबा पाटील' ही ग्रामीण कादंबरीची सुरुवात मानली जाते. कलाकृती म्हणून ती कच्ची आहे, परंतु त्या दशकाची साक्ष म्हणून तिचे मोल अनेक सफाईदार कादंबऱ्यांहून अधिक आहे. फुल्यांची दृष्टी घडण्यात थॉमस पेन याच्या ग्रंथांचा वाटा होता आणि 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केले. दूरच्या देशातील पुस्तकाने जवळचे खेडे दिसू लागते, याचा मराठीत याहून भक्कम दाखला नाही. कर्जाच्या अनुभवाची आतली बाजू हवी असेल तर आजच्या वाचकाने अहवालाशेजारी प्रेमचंदांची १९३६ ची 'गोदान' ठेवावी. प्रदेश अवधचा असला तरी व्याज माणसाच्या बोलण्यात, सणात आणि लेकीच्या लग्नात कसे शिरते, हे तिच्यातील होरी या शेतकऱ्याच्या कथेतून कळते आणि कोणत्याही जबानीतून कळत नाही.

सुपे हे नाव मराठी वाचकाला तसे अपरिचित नाही. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे आणि शिवरायांनी संभाजी मोहित्यांकडून हा परगणा ताब्यात घेतल्याच्या प्रसंगामुळे ते शिवचरित्रांतून आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांतून घरोघर पोचले आहे. याच वाचकाला १८७५ चे सुपे बहुधा शाळेच्या पाठ्यपुस्तकापलीकडे भेटत नाही, आणि यात मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या अफाट लोकप्रियतेचा वाटा आहे. रणजित देसाईंच्या १९६२ च्या 'स्वामी'ने हजारोंना पेशवाईची गोडी लावली, हे तिचे ऋण मान्यच केले पाहिजे; परंतु गोडी लागलेला वाचक तेथून वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांकडे किंवा १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनांकडे गेला नाही, तर त्याला राजे भेटतात आणि रयत राहून जाते. राजवाड्यांच्या खंडांतील प्रस्तावना तरी प्रत्येकाने वाचाव्यात. त्यांतील निष्कर्ष अनेकदा अतिरेकी आहेत, पण कागदाला प्रश्न कसा विचारावा हे त्या शिकवतात.

खेड्याची अंतर्रचना समजून घेण्यासाठी त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गाव-गाडा' या पुस्तकाला पर्याय नाही. मुलकी खात्यात चाकरी केलेल्या आत्र्यांनी वतनदार, बलुतेदार आणि फिरस्ते यांचे हक्क, बोलीभाषा आणि व्यवहार यांची जी बारीक नोंद केली आहे ती थक्क करणारी आहे. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल सुतार, लोहार, महार आदींना पिकातून मिळणारा वाटा. आत्र्यांच्या लेखी तो कुणब्याच्या खळ्यावर पडणारा भार आहे. दया पवार यांचे १९७८ चे 'बलुतं' हे आत्मकथन त्याच वाट्याकडे तो मागायला लावले गेलेल्या घरातून पाहते, आणि मग हक्क या शब्दाखाली दडलेली अवहेलना उघडी पडते. ही दोन पुस्तके एकापाठोपाठ एक वाचली पाहिजेत, तीही याच क्रमाने, कारण पवारांच्या पुस्तकानंतर आत्र्यांच्या प्रत्येक नोंदीमागे नोंद करणाऱ्याची बसण्याची जागा दिसू लागते. आत्रे त्यामुळे निरुपयोगी ठरत नाहीत. उलट त्यांची माहिती अधिक विश्वासाने वापरता येते, कारण ती कोठून पाहिली गेली हे आता ठाऊक असते.

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, आणि त्याच वर्षी पुणे जिल्ह्याचे गॅझेटियरही प्रसिद्ध झाले. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीला जिरायत आणि पाण्याखालच्या शेतीला बागायत म्हणतात. कालव्याने बारामती तालुक्याचे हे दोन भाग केले, सुपे जिरायतीत राहिले आणि नीरेकाठचा पट्टा सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांच्या कसबाने उसाखाली गेला. मानवशास्त्रज्ञ डोनाल्ड ॲटवुड यांचे १९९२ चे 'रेझिंग केन' हे या भागातील ऊस आणि सहकार यांवरचे पुस्तक, लहान शेतकऱ्याचे सहकारात नेहमी नुकसानच होते या समजाला आकडेवारीने आव्हान देते. जिरायती भागाचे मन ओळखायचे तर व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची 'बनगरवाडी' वाचावी. ती नीरेपलीकडच्या माणदेशाची आहे, पण पाऊस न आल्यावर गाव कसे उठून जाते हे बारामतीच्या पश्चिमेकडील गावांनाही समजावून सांगावे लागत नाही. इंदापूरची गोष्ट पुन्हा निराळी. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली भीमाकाठची जुनी गावठाणे गेली, पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी उतरले की दिसते, आणि पाणी मिळालेला व पाणी देऊन उठलेला असे दोन्ही शेतकरी एकाच तालुक्यात राहतात. विश्वास पाटील यांची धरणग्रस्तांवरील 'झाडाझडती' ही १९९१ ची कादंबरी इंदापूरची नसली तरी इंदापुरात वाचली पाहिजे.

बारामती एमआयडीसीपाशी आले की मात्र कपाट रिकामे होऊ लागते. तीनचाकी वाहने, दुग्धप्रक्रिया, तयार कपडे, पोलादी सुटे भाग असे उद्योग येथे आहेत, शेजारीच विद्यानगरीत हजारो मुले शिकतात, आणि जिरायती गावांतील तरुण ठेकेदारामार्फत पाळीवर येतात. मुंबईच्या गिरणगावाला जयंत पवारांसारखा कथाकार मिळाला, परंतु तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीतील हा कामगार, ज्याच्या नावावर सातबारा आहे आणि हातात कंत्राटी नोकरीचा कागद आहे, मराठी कादंबरीत अजून पुरेसा आलेला नाही. एमिल झोला याने १८८५ च्या 'जर्मिनाल'साठी आधीच्या वर्षी आंझँ येथील खाणीत उतरून, संप चालू असताना खाणकामगारांची घरे, मजुरी आणि यंत्रे यांची टिपणे घेतली होती. बारामतीवर अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्यासाठी टिपणांचा निम्मा भाग विंगेटच्या पाहणीपासून ॲटवुडपर्यंत तयार आहे. उरलेला निम्मा पाळी सुटण्याच्या वेळी भिगवण रस्त्यावर उभे राहून, ठेक्याचा करार आणि पगाराची पावती वाचून त्यानेच गोळा करायचा आहे.